स्नोमोबाइलचे पट्टे वारंवार का जातात आणि क्लचची झीज कशी ओळखावी

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा. तुम्ही कॅनडातल्या सडबरीला राहता. ६०० सीसीची दोन-स्ट्रोक स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरून चालणारी गाडी, तुम्ही जुनी विकत घेतली, मीटरवर सुमारे ७,००० किलोमीटर झाले आहेत, आणि या एकाच हिवाळ्यात तिचे दोन ड्राइव्ह बेल्ट, म्हणजे इंजिनाचा जोर पुढे पोचवणारे रबरी पट्टे, गेले. पहिला पट्टा एकाच जागी अरुंद होऊन जळला. दुसरा जेमतेम १५० किलोमीटरांत एका कडेने उसवला आणि तळ्याच्या मध्यावर फुटला. निघताना गाडी हिसका देते, मध्यम वेगात थ्रॉटल दाबला की टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणारा) काटा वर धावतो पण गाडी त्या मानाने पळत नाही, आणि थांबल्यावर पुढच्या पुलीला हात टेकवत नाही. गाडी विकणाऱ्याचे म्हणणे आहे की पट्टेच हलक्या प्रतीचे लागले. तुम्ही विचारता की तिसरा पट्टा महागातला घ्यावा, की पुढचा क्लच सरळ नवीनच बसवावा.

माझे उत्तर असे आहे की या दोन्हींवर आत्ता एक डॉलरही घालू नका. तुमचे दोन पट्टे दोन वेगवेगळ्या कारणांनी गेले आहेत, आणि तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रांत ती कारणे बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. फुटलेला पट्टा कचऱ्यात टाकणारे गिऱ्हाईक पाहिले की मला मनापासून वाईट वाटते, कारण रोगाचे निदान करणारी एकमेव वस्तू त्याने फेकून दिलेली असते. तुम्ही दोन्ही पट्टे जपून ठेवलेत, हे फार चांगले केलेत.

मी पुण्यात कायनेटिक होंडाच्या काळात या कामाला लागलो आणि गेले २२ हिवाळे उत्तर ऑंटारियोत स्नोमोबाइल दुरुस्त करतो आहे, त्यामुळे आपल्याकडच्या बिनगिअरच्या स्कूटरवरून सुरुवात केली तर तुम्हाला समजायला सोपे जाईल. स्कूटरमध्येही दोन पुल्या आणि त्यांवर एक रबरी पट्टा असतो, परंतु गाडी जागेवर उभी असताना चाकाला इंजिनापासून सोडवण्याचे काम मागच्या बाजूला असलेला वेगळा सेंट्रिफ्युगल क्लच करतो. निघताना जी घासाघीस व्हायची ती त्या क्लचच्या लायनिंगवर होते आणि पट्टा मात्र सुरुवातीपासून दोन्ही पुल्यांत घट्ट धरलेला असतो. स्नोमोबाइलमध्ये असा वेगळा क्लच नाही. इंजिन आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता चालू असताना, इंजिनावरच्या पुढच्या पुलीच्या दोन चकत्या एकमेकींपासून दूर असतात आणि पट्टा त्यांच्यामध्ये सैल लोंबकळत असतो. फेरे वाढले की पुलीतली वजने बाहेर फेकली जातात, स्प्रिंगचा जोर मोडून सरकत्या चकतीला आत ढकलतात, आणि साधारण ३,५०० ते ४,००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास चकत्या पट्ट्याला चिमटीत धरतात. पुढची पुली हाच क्लच आहे. स्कूटरमध्ये जे घासणे लायनिंगच्या वाट्याला येते, ते इथे प्रत्येक वेळी निघताना पट्ट्याच्या दोन कडांच्या वाट्याला येते.

मागच्या पुलीत वजने नसतात. तिथे एक पिळाची स्प्रिंग आणि हेलिक्स नावाचा तिरक्या उताराचा तुकडा असतो. ट्रॅकवर, म्हणजे गाडीखाली फिरून तिला पुढे नेणाऱ्या रुंद रबरी साखळीवर, भार आला, म्हणजे चढ लागला किंवा खोल बर्फ आले, की हेलिक्सच्या उतारामुळे मागच्या चकत्या पट्ट्याला अधिक आवळतात आणि गुणोत्तर आपोआप खाली येते, गिअर खालचा टाकावा तसे. थोडक्यात, पुढची पुली इंजिनाचे फेरे ओळखते आणि मागची पुली ट्रॅकवरचा भार ओळखते. या दोघींच्या ओढाताणीत इंजिन आपल्या सर्वाधिक शक्तीच्या फेऱ्यांवर, तुमच्या इंजिनात ८,००० च्या जवळपास, टिकून राहावे अशी सगळी रचना आहे. कुठेही झीज झाली की ही ओढाताण बिघडते, पट्टा घसरतो, आणि घसरणे म्हणजे उष्णता.

ती उष्णता किती, याचा हिशोब एकदा मनात करून पाहा. समजा इंजिन १२० अश्वशक्ती देते आणि त्यातली शेकडा १० जरी पट्टा आणि पुल्यांत वाया गेली, तर १२ अश्वशक्ती म्हणजे जवळजवळ ९ किलोवॅट उष्णता त्या लहानशा कप्प्यात तयार होते. घरातले दीड किलोवॅटचे सहा हीटर एका प्लॅस्टिकच्या झाकणाखाली लावावेत, तसे ते आहे. बाहेर उणे ३० अंश असले तरी पट्ट्याच्या कडेचे रबर स्वतःपुरते भट्टीतच असते.

आता तुमचा पहिला पट्टा. त्याची बाकीची रुंदी सगळीकडे सारखी आहे आणि एकाच जागी, सुमारे तीन बोटांच्या अंतरात, दोन्ही कडा आत दबलेल्या आणि काळ्या चकचकीत झालेल्या आहेत. हा आकार तयार होण्याचा मार्ग एकच आहे: पट्टा जागेवर थांबलेला असताना पुढची पुली त्याला धरून फिरत राहिली. म्हणजेच ट्रॅक हलू शकत नव्हता. तुम्ही लिहिले आहे की शनिवारी संध्याकाळी मासेमारीहून परतताना रामसे तलावावर बर्फाखालच्या पाण्यातून, ज्याला इथे स्लश म्हणतात त्यातून, गाडी काढली आणि ती रात्रभर बाहेर उभी होती. कारण तिथेच आहे. ते पाणी ट्रॅक, स्लायडर (ट्रॅक ज्यांवरून घसरतो त्या पट्ट्या) आणि चाकांमध्ये रात्रीत दगडासारखे गोठले, सकाळी तुम्ही थ्रॉटल दाबला, गाडी हलली नाही म्हणून आणखी दाबला, आणि तेवढ्या चार-पाच सेकंदांत पट्टा त्या एका जागी जळाला. त्यानंतर प्रत्येक फेऱ्याला ती अरुंद जागा पुलीतून जाताना हळू वेगात धप-धप असा ठोका येतो. तो ठोका सुरू झालेला पट्टा पुन्हा सुधारत नाही, तो काढूनच टाकावा लागतो.

यात ना पट्ट्याची प्रत दोषी आहे ना क्लच. स्लशमधून बाहेर पडल्यावर लगेच कडक बर्फावर दोन-तीन किलोमीटर गाडी पळवून ट्रॅकमधले पाणी झटकून टाकावे, आणि रात्री शक्य असेल तर मागचा भाग लाकडी ठोकळ्यावर टेकवावा, म्हणजे ट्रॅक जमिनीला चिकटत नाही. सकाळी मागच्या बंपरला धरून गाडी उचलून खाली सोडावी, स्की डावी-उजवीकडे हलवून मोकळ्या कराव्यात, आणि मगच इंजिन सुरू करावे. स्टँडवर ट्रॅक फिरवून मोकळा करायचा असेल तर अगदी हळू फिरवावा आणि गाडीच्या मागे कोणीही, विशेषतः मुले, उभी राहू देऊ नयेत. ट्रॅकमधून सुटलेला बर्फाचा तुकडा गोफणीच्या दगडासारखा येतो.

दुसरा पट्टा मला अधिक काळजीचा वाटतो. त्याची रुंदी अजून भरपूर आहे, दातेही शाबूत आहेत, मात्र एकच कड, इंजिनाकडची, उसवून तिच्यातले धागे बाहेर आले आहेत. पट्ट्याच्या पोटात अ‍ॅरामिडचे, म्हणजे केव्हलरच्या जातीचे, दोर असतात आणि सगळी ओढ तेच सोसतात. कडेचा दोर एकदा सुटला की तो चाबकासारखा फिरून शेजारच्या दोरालाही उसवतो. एकाच कडेची झीज म्हणजे पट्टा पुल्यांत तिरका चालत होता. तो तिरका चालण्याची मुख्य कारणे म्हणजे दोन पुल्यांची ओळ चुकलेली असणे, किंवा ओळ बरोबर असूनही भाराखाली इंजिन सरकणे.

ओळ तपासण्यासाठी प्रत्येक मॉडेलची स्वतःची मोजपट्टी मिळते आणि तीच वापरावी. दोन्ही पुल्या अगदी एका सरळ रेषेत असल्या पाहिजेत असे समजून लाकडी फूटपट्टी लावू नका, कारण पुढच्या आणि मागच्या पुलीत विरुद्ध बाजूच्या चकत्या सरकत असतात आणि त्यांच्यात ठराविक अंतराचा फरक कारखान्यातूनच ठेवलेला असतो. तो फरक मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. मागची पुली शाफ्टवर आत-बाहेर करण्यासाठी वॉशर असतात, आणि जुन्या गाडीत आधीच्या मालकाने पुली काढताना वॉशर एखादा कमी-जास्त केला, ही चूक माझ्याकडे दर हिवाळ्यात दोन-तीनदा तरी येते. पुल्यांची समांतरताही पाहावी: पुढून आणि मागून दोन ठिकाणी माप घेतले असता ते मॅन्युअलच्या मर्यादेत यायला हवे.

आता अनुभवी माणसेही जिथे फसतात ती गोष्ट. गाडी उभी असताना घेतलेले माप अचूक येते आणि तरीही पट्टा एका कडेने उसवतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते. पूर्ण थ्रॉटल दिला की पट्टा इंजिनाची क्लचकडची बाजू मागच्या पुलीकडे ओढतो. माउंटिंग नवे असताना ही ओढ ते पेलते. ७,००० किलोमीटर झालेल्या गाडीत रबर तडकलेले किंवा तेलाने फुगलेले असते आणि इंजिन तिरके होते, म्हणजे अचूक मापलेली ओळ नेमकी जोर लावल्याच्या क्षणी बिघडते. इंजिन मागे ओढले जाऊ नये म्हणून बऱ्याच गाड्यांत क्लचच्या बाजूला एक टेकू असतो, त्याच्या बोल्टचे अंतर मॅन्युअलप्रमाणे आहे का ते पाहा. माउंटिंग तपासायला पट्टा काढून, लाकडाचा मजबूत दांडा क्रॅंककेस (इंजिनाचे खालचे कवच) आणि चॅसिसच्या मध्ये घालून इंजिन हळूच मागे ओढून पाहावे आणि बॅटरीच्या उजेडात प्रत्येक रबराकडे पाहावे. रबर धातूपासून सुटलेले असेल तर फट उघडते आणि लगेच दिसते. दांडा पुलीला किंवा तिच्या चकतीला मात्र अजिबात लावू नका. तुमच्या छायाचित्रातला पट्टा पाहता मी सर्वांत आधी हेच तपासेन.

हिसका आणि घसरणे यांची कारणे मात्र पुढच्या पुलीत असण्याची शक्यता जास्त आहे. पट्टा काढून पुलीच्या दोन्ही चकत्यांवरून, मध्यापासून कडेपर्यंत, अंगठ्याचे नख फिरवा. पट्टा पहिल्यांदा पकडला जातो त्या उंचीवर नख अडले, तर तिथे खाच पडली आहे. त्या खाचेतून पट्टा वर चढताना आधी अडतो आणि मग एकदम सुटतो, तोच निघतानाचा हिसका. नख अडत नसेल आणि नुसती काळसर चकाकी असेल तर बारीक नायलॉनच्या खरवडीने, मध्यापासून बाहेरच्या दिशेने, हलक्या हाताने ती काढून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून घ्यावी. पेट्रोल किंवा तेलकट सॉल्व्हंट वापरू नये. आपल्याकडे गिरणीच्या पट्ट्याला पकड येण्यासाठी राळ लावतात, तसे काही इथे लावण्याचा मोहही टाळावा. या पट्ट्याने सुटताना मोकळेपणाने सुटलेही पाहिजे.

त्यानंतर पट्टा न लावताच सरकती चकती दोन्ही हातांनी धरून, दाराचे सैल झालेले हँडल हलवून पाहतो तशी, वर-खाली डुलवून पाहा. किंचित ढिलाई असतेच, परंतु डोळ्यांना दिसेल इतकी चकती तिरकी होत असेल तर आतले बुश, म्हणजे चकती ज्यांवर सरकते त्या कड्या, गेले आहेत. बुश गेलेली चकती पट्ट्याला सगळीकडून सारखी न धरता एका कोपऱ्याने चावते, त्यामुळे पट्टा तापतो आणि कडेनेही खराब होतो. तुमच्या दुसऱ्या पट्ट्यात हा हातभार असण्याची शक्यता मी नाकारत नाही.

पुली उघडण्याचे काम मात्र योग्य पुलर आणि दाबयंत्राशिवाय करू नका. झाकणाखालची स्प्रिंग दाबलेली असते, आणि ती सुटून बोटे दुखावलेले दोन जण माझ्या ओळखीचे आहेत. पुली निघत नाही म्हणून तिच्यावर हातोडी मारणे तर फारच महागात पडते: दोन-स्ट्रोक इंजिनाचा क्रॅंकशाफ्ट दाबून जोडलेल्या तुकड्यांचा असतो आणि एका फटक्यात तो वाकडा होऊ शकतो. उघडण्यापूर्वी झाकण, स्पायडर (पुलीच्या आतला खांबांचा तुकडा) आणि चकती यांच्यावर मार्करने एक सलग रेघ ओढा, कारण संपूर्ण पुली बॅलन्स केलेली असते आणि भाग फिरवून बसवले की ८,००० आरपीएमला होणारे कंपन क्रॅंकचे बेअरिंग खाते.

आत काय पाहायचे हे कंपनीच्या रचनेवर अवलंबून आहे. बहुतेक पुल्यांत वजने बाहेरच्या वक्र बाजूने रोलरवर घसरतात. काही पुल्यांत याउलट रोलर हातांवर असतात आणि उतार चकतीत असतो. तत्त्व एकच. प्रत्येक रोलर बोटाने फिरवा. तो अडखळत फिरला किंवा त्याला सपाट जागा पडली असेल, तर त्या जागी येताच पुली सरकायची थांबते, फेरे उगाच चढतात आणि मग ती झटक्याने पुढे जाते. वजनाच्या वक्र बाजूवर टॉर्चचा उजेड तिरका टाकला की खाच सावलीसारखी दिसते. पिनेवर वजन बाजूला डुलत असेल तर पीन आणि बुश दोन्ही बदला. वजने, रोलर आणि पिना नेहमी संपूर्ण संच म्हणून बदलाव्यात. तीनपैकी एकच नवे टाकले की एका बाजूचा दाब वेगळा होतो आणि चकती पुन्हा तिरकी चालू लागते. स्पायडरच्या खांबांना लागून प्लॅस्टिकची बटणे असतात, ती झिजली की थ्रॉटल सोडताना-धरताना पुलीतून खटखट आवाज येतो.

स्प्रिंगची लांबी मोजून ती बरी आहे असे ठरवणे ही सर्रास होणारी चूक आहे. स्प्रिंगचा खरा गुण म्हणजे ती दोन ठराविक उंचींवर किती जोर देते, आणि लांबी जेमतेम बदललेली असतानाही जोर कमी झालेला असू शकतो. व्यवहारात टॅकोमीटरवर लक्ष ठेवा: सपाट जागी थ्रॉटल अगदी हळूहळू वाढवत नेला असता गाडी मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा चार-पाचशे आरपीएम आधीच हलू लागली, तर पुढची स्प्रिंग थकली आहे. फार उशिरा हलली तर आधी पट्ट्याची रुंदी मोजा, कारण अरुंद पट्ट्याला धरायला चकतीला जास्त अंतर यावे लागते आणि झिजलेला पट्टा आयडलला मागच्या पुलीतही खोल बसतो. किती झीज चालते याबाबत कंपन्यांत एकमत नाही. कुणी दीड मिलिमीटरवर थांबते तर कुणी तीन मिलिमीटरपर्यंत जाऊ देते, म्हणून तुमच्या मॅन्युअलचा आकडाच प्रमाण.

काहीजण पुलीच्या बुशांना ग्रीस लावतात आणि पुली पहिले दोन दिवस छान चालली म्हणून खूश होतात. या बुशना कोरडे चालण्यासाठीचा थर असतो. ग्रीस लावले की पट्ट्याची काळी पूड तिच्यात मिसळून लापीसारखा लगदा होतो आणि चकती वर गेलेली वरच अडकते. गाडी थांबवल्यावर इंजिन बंद पडणे, किंवा थ्रॉटल पूर्ण सोडूनही गाडी पुढे सरकणे, ही त्याची लक्षणे आहेत, आणि दुसरे लक्षण माणसांच्या गर्दीत जिवावर बेतू शकते.

मागची पुलीही उघडून पाहा, पण तिथे वेळ थोडा लागतो. हेलिक्सच्या उतारावर बटणांनी किंवा रोलरने पाडलेली पायरी, झिजलेली बटणे आणि थकलेली स्प्रिंग, एवढेच बहुधा निघते. मध्यम वेगावरून अचानक थ्रॉटल दिल्यावर काटा वर जातो आणि गाडी मागे राहते, हे तुमचे लक्षण मागच्या कमजोर स्प्रिंगमुळेही येऊ शकते, कारण पट्टा तिथे पुरेसा आवळला जात नाही. दोघींपैकी दोषी कोण, हे उष्णता सांगते. दहा किलोमीटर नेहमीच्या पद्धतीने चालवून थांबा, इंजिन बंद करा आणि दोन्ही पुल्यांची तुलना करा. पुढची खूप जास्त तापली असेल तर घसरणे पुढे होत आहे, मागची जास्त तापली असेल तर मागे. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरत असाल तर एक काळजी घ्या: चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खरे तापमान कितीतरी कमी दाखवतो. मी पुलीच्या काठावर उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा नाण्याएवढा ठिपका देतो आणि प्रत्येक वेळी तिथेच मोजतो. तुमचे निरीक्षण पुढच्या पुलीकडे बोट दाखवते, म्हणून सुरुवात तिथून करा.

पट्टा फुटल्यानंतर तुम्ही काय साफ केले, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि याच मुद्द्यावर मी सर्वांत आग्रही आहे. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ फेब्रुवारीच्या कडाक्यात ट्रेलवर पट्टा फुटल्यावर नवा चढवून ८० किलोमीटर घरी आले, आणि पुढच्या आठवड्यात क्लचकडच्या सिलिंडरचा पिस्टन वितळला. पुढची पुली काढली तेव्हा तिच्या मागे, क्रॅंकशाफ्टच्या सीलपाशी, पिवळसर धागे शिलाई मशिनच्या बॉबिनवर दोरा भरावा तसे घट्ट गुंडाळलेले होते. त्यांनी सीलचा ओठ कापला होता. दोन-स्ट्रोक इंजिनात सील फाटले की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, आणि ज्वलन इतके गरम होते की पिस्टन टिकत नाही. दोनशे डॉलरच्या आसपास मिळणाऱ्या पट्ट्याच्या अपघाताचा शेवट इंजिन उघडण्यात झाला. म्हणून तुमचा दुसरा पट्टा फुटला त्या दिवसापासूनची गाडी तशीच असेल, तर पुढे एक किलोमीटरही चालवण्याआधी पुढच्या पुलीच्या मागे आणि मागच्या पुलीच्या शाफ्टवर टॉर्च मारून पाहा, आरसा लागला तर घ्या, आणि एकही धागा दिसला तर पुली उतरवून सील तपासा. ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंगही त्या कप्प्यातूनच जातात, त्यांवरही फटके बसलेले असू शकतात.

याच कारणासाठी पट्ट्यावरचे संरक्षक कवच काढून गाडी चालवू नये. क्रॅंकला ८,००० फेरे असताना सुमारे ९ सेंटिमीटर त्रिज्येवरून धावणाऱ्या पट्ट्याचा वेग सेकंदाला ७५ मीटर, म्हणजे ताशी २७० किलोमीटरच्या घरात जातो, आणि कवच तुमच्या गुडघ्याच्या व त्या वेगाच्या मध्ये असते. पट्टा काढलेला असताना थ्रॉटल देणेही टाळा, कारण भार नसलेली पुली पूर्ण जोराने बंद होऊन स्वतःचेच नुकसान करून घेते. कवचाला आणि बॉनेटला हवेसाठी जाळ्या असतात. ताज्या भुसभुशीत बर्फात त्या लिंपल्या जातात, म्हणून खोल बर्फातून बाहेर पडल्यावर त्या हाताने मोकळ्या करा.

माउंटिंग, ओळ, बुश आणि रोलर यांचा निकाल लागल्यावरच तिसरा पट्टा घ्या, आणि तो तुमच्या गाडीच्या पार्ट नंबरचाच घ्या. दिसायला सारखा, लांबीला अर्धा सेंटिमीटर कमी-जास्त असलेला स्वस्त पट्टा सगळी मापे बिघडवतो. पुल्या उतरवल्या असतील तर क्रॅंकचा निमुळता भाग आणि पुलीचे भोक दोन्ही अगदी कोरडे, तेलाशिवाय पुसून, मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच बोल्ट आवळा. नवा पट्टा कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून चढवा, त्यावरचा बाण असेल तर फिरण्याच्या दिशेने ठेवा, आणि मागची पुली हाताने दहा-बारा वेळा फिरवून तो वर येऊ द्या. मग मागच्या पुलीत त्याची पाठ चकतीच्या काठाशी जवळजवळ समपातळीत यायला हवी. खोल गेला असेल तर तो सैल आहे. आयडलला ट्रॅक स्वतःहून फिरू लागला तर तो तंग आहे, आणि असा पट्टा उभ्या गाडीतही घासत राहतो. ही पातळी बदलायला मागच्या पुलीत स्क्रू किंवा वॉशर दिलेले असतात. पण स्क्रूला हात लावण्याआधी आयडलचे फेरे योग्य आहेत का ते पाहा, कारण वाढलेल्या आयडलनेही ट्रॅक सरकतो आणि लोक विनाकारण पट्टा सैल करून बसतात.

पहिले ५० किलोमीटर थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे नेऊ नका, एकाच वेगावर फार वेळ राहू नका आणि मासेमारीच्या सामानाची मागे ओढायची घसरगाडी तेवढे दिवस घरीच ठेवा. ५० किलोमीटर झाले की पट्टा काढून दोन्ही कडा बोटांनी चाचपा आणि कॅलिपरने रुंदी चार ठिकाणी मोजून त्याच्या पाठीवर मार्करने लिहा. चारही मापे सारखी आणि दोन्ही कडा एकसारख्या मॅट दिसल्या तर दुरुस्ती बरोबर झाली. इंजिनाकडची कड पुन्हा खरखरीत लागली तर गाडी चालवू नका, त्या कडेचे जवळून घेतलेले छायाचित्र आणि माउंटिंगची फट मला कळवा, आपण तिथून पुढे पाहू.